पंधरा तारीख कुणाची?

माणसं नोकरी का सोडतात? माझ्या माहितीप्रमाणे कारणं दोनच: 'चांगली संधी' आणि 'घरगुती अडचण'. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी साडेअकरा वर्षं बसले, शेकड्यानं एक्झिट फॉर्म गोळा केले, पण त्या रकान्यात तिसरं काही लिहिलेलं पाहिलं नाही. साहेबाशी पटेना म्हणून निघालेला 'चांगली संधी' लिहितो आणि गावाकडची शेती बघायला निघालेला 'घरगुती अडचण'. मीही कधी कुणाला खोदून विचारलं नाही. तो रकाना मुळात कुणी वाचतच नाही. भांडणं होतात ती त्याच्या खालच्या रकान्यावरून. तिथे तारीख असते.

कारखाना आतून न पाहिलेल्यांसाठी सांगते. गेटातून आत आलं की डाव्या हाताला पंचिंग मशीन, त्याच्यामागे काचेची खिडकी, आणि खिडकीच्या आत आम्ही. कोण किती वाजता आलं, कुणाचा ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, किती झाला, कुणाची रजा किती उरली, कुणाचा पीएफ कुठे अडकला. मस्टर, म्हणजे हजेरीपट, आता कागदावर नसतं, पण शब्द अजून मस्टरच आहे. माणूस लागला की त्याचा नंबर काढायचा, सुटला की हिशेब करायचा. त्या हिशेबाचं पूर्ण नाव 'फुल अँड फायनल', बोलताना नुसतं 'फायनल'. "ताई, माझं फायनल झालं का?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी "सात तारखेनंतर या" असंच सांगेन.

2012च्या एप्रिलमध्ये मी लागले तेव्हा स्टाफला नोटीस एक महिन्याची होती. 2016 साली ती तीन महिन्यांची झाली. कशी झाली ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण टाइप मीच केली. त्या वर्षीच्या पगारवाढीच्या पत्रांचा मसुदा सरांनी दिला, त्यात आठव्या कलमात तीस खोडून वर पेनानं नव्वद लिहिलेलं होतं. दोन्हीपैकी कुणीही नोकरी संपवायची तर नव्वद दिवस आधी लेखी कळवायचं, नाहीतर तेवढ्या दिवसांचा पगार मोजायचा. एकशे चाळीस पत्रं काढली, प्रत्येकी दोन प्रती. पहिल्या पानावर वाढलेला आकडा होता, दुसऱ्या पानावर कलमं. लोकांनी पहिलं पान वाचलं आणि दुसऱ्यावर सही केली. माझं पत्र मी सगळ्यात शेवटी काढलं. जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं होती, डबा गरम करायला द्यायचा होता. मीही सही केली.

(कामगारांना हे लागू नव्हतं. त्यांचं सगळं तेव्हा 1946च्या कायद्याखालच्या स्थायी आदेशांवर, म्हणजे नोकरीच्या ठरलेल्या नियमांवर चालायचं, आणि त्यांच्यामागे युनियन असते. स्टाफच्या मागे कोण असतं? ज्याचा त्याचा ईएमआय.)

2019 साली क्वालिटीतल्या एका मुलाला चाकणला नोकरी मिळाली. लातूरकडचा, डिप्लोमा झालेला, आमच्याकडे दोन-अडीच वर्षं होता. ती कंपनी तीस दिवस थांबायला तयार होती. तो खिडकीशी आला, मी त्याची फाइल काढली, आठवं कलम दाखवलं, त्याची सही दाखवली. साठ दिवस कमी पडतात, पगार चोवीस हजार, म्हणजे 48,000 भरायचे. त्याच्यापुढे मी कॅल्क्युलेटर फिरवून ठेवला. त्यानं आकडा बघितला आणि विचारलं,

"ताई, हप्त्यानं कापता येतील का?"

मी हसले. अगदी सहज हसले. "अरे, तू गेल्यावर हप्ता कशातून कापू?"

तोही हसला. मग सरांकडे जाऊन आला. सर म्हणाले, ऑडिट तोंडावर आहे, नियम सगळ्यांना सारखा. मुलानं पेपर टाकलेले होतेच. चाकणवाल्यांना तो रोज उद्याचा वायदा करत राहिला. सत्तराव्या की बहात्तराव्या दिवशी त्यांनी दुसरा माणूस घेतला. तेव्हा तो परत खिडकीशी आला, राजीनामा मागे घेता येईल का विचारायला. त्याच्या जागेवरच्या माणसाचं पत्र मी आदल्याच आठवड्यात काढलं होतं. नव्वदाव्या दिवशी त्यानं हेल्मेट, बूट, व्हर्निअर जमा केलं आणि एक्झिट फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात, वळणदार अक्षरात: चांगली संधी.

पुढे वर्षभरानं कामगार कायद्यांच्या एका दिवसाच्या शिबिराला मला पाठवलं होतं. जेवणानंतरचं सत्र, निम्मे लोक पेंगत होते. तिथे वकिलांनी एक खटला सांगितला. अलाहाबाद हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी 1977च्या मे महिन्यात राष्ट्रपतींना राजीनामा पाठवला, 1 ऑगस्टपासून लागू व्हावा म्हणून. जुलैच्या मध्यावर विचार बदलला, मागे घेतला. घेता येतो का? प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1978 साली निकाल लागला की येतो. पुढची तारीख घालून दिलेला राजीनामा ती तारीख उगवेपर्यंत मागे घेता येतो. मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. न्यायमूर्तींचं पद संविधानातलं, कारखान्यातल्या पोराला करारातली कलमं आड येतात, एवढं मलाही कळतं. पण सरांना जाऊन विचारता तरी आलं असतं. मी पत्र टाइप करून मोकळी झाले होते.

आता माझं.

भोसरीतली माणसं मुलाखती गुरुवारी देतात, कारण इकडच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. गुरुवारी सकाळी एखादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नाशिक रस्त्यानं चाकणकडे निघाला की समजायचं. मीही गुरुवारीच दिली, 2023च्या जुलैमध्ये. शुक्रवारी संध्याकाळी ऑफरची मेल आली: सोमवारपर्यंत होकार कळवा. शनिवार-रविवार सर रजेवर. राहिला सोमवार, 17 जुलै.

दुसऱ्यांना मी शंभर वेळा सांगितलं होतं, राजीनामा चार ओळींचा लिहावा. तारीख टाकावी, कारण लांबवू नये, आभार मानावेत, पोच घ्यावी. माझा स्वतःचा अकरा ओळींचा झाला. मग सहाचा केला. प्रिंट काढून गुलाबी फोल्डरमध्ये घातला, म्हणजे सह्यांचे कागद घेऊन चाललेय असं वाटावं. बाहेर पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की सरांच्या केबिनमध्ये दोनदा मोठ्यानं बोलावं लागलं. राजीनामा ओरडून सांगायची वेळ यावी!

सरांनी वाचला. मान वर न करता म्हणाले, "बसा." मग, "किती देतायत?" आकडा सांगितला. "कुठे?" तेही सांगितलं. "बरं. एवढ्यात कुणाला सांगू नका." साडेतीनच्या चहाला कॅन्टीनवाल्यानं मला विचारलं, "ताई, चाकणला बस मिळती का कंपनीची?"

घरी आले तर ओट्यावर समया, निरांजनं, लामणदिवा, सगळे चिंच लावून घासून पालथे घातलेले. सासूबाई कणकेचे दिवे उकडत होत्या. माझ्या डोक्यात टिकटिक सुरू झाली. सोमवार, दिव्यांची अवस! दुसऱ्या दिवसापासून अधिक महिना.

"आई, मी आज राजीनामा दिला."

त्यांनी झाकण तसंच हातात धरलं. "अवसेला?"

नाना, माझे सासरे, बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "सोडायचं काम अवसेला केलेलं चांगलं. धरायचं काम बघून कर."

नाना महसूल खात्यात होते, तलाठी म्हणून लागले आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यांना राजीनामा हा शब्द नोकरीतला वाटतच नाही, जमिनीतला वाटतो. राजी म्हणजे खुशी, नामा म्हणजे लेख. जुन्या फेरफारांत जोडी असायची म्हणाले, राजीनामा-कबुलायत. एकानं लिहून द्यायचं की ही जमीन मी राजीखुशीनं सोडली, दुसऱ्यानं लिहून द्यायचं की ती मी घेतली, तिचा सारा आता मी भरेन. "कबुलायतीशिवाय नुसता राजीनामा आला की तलाठ्याची झोप उडायची. मधल्या काळात सारा कुणाच्या नावावर लावायचा?"

मी दिवा तुपात बुडवून खात होते. म्हटलं, नाना, माझी कबुलायत मेलवर आलीय, पण तारीख अजून पक्की नाही.

तारखेचं असं होतं. आमच्याकडे राजीनाम्याचा दिवस पहिला धरतात. जुलैचे पंधरा, ऑगस्टचे एकतीस, सप्टेंबरचे तीस, म्हणजे शहात्तर झाले. उरले चौदा. नव्वदावा दिवस 14 ऑक्टोबर. नव्या कंपनीला मी हवी होते 3 ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या दुसऱ्या दिवशी. कमी पडणारे बारा दिवस त्यांचा एचआरवाला भरून द्यायला तयार होता: तुम्ही तिकडे पैसे भरा, पावती आणा, पहिल्या पगारात देऊ. (असे वसूल केलेले नोटीसचे पैसे ही 'सेवा' धरून त्यावर 18 टक्के जीएसटी लावायचा का, यावर आमच्या अकाउंट्समध्ये वर्षानुवर्षं वाद चालायचा. 3 ऑगस्ट 2022च्या परिपत्रकानं तो मिटला, लावायचा नाही. त्या दिवशी अकाउंट्सवाल्यांनी भजी मागवली होती.)

ऑफर चांगली होती. दुसरं कुणी असतं तर घेतली असती. पण मी हिशेब करणारी बाई. रात्री कागद घेऊन बसले. शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता मिळून माझे 31,200. भागिले 26, बाराशे. गुणिले 15, अठरा हजार. ही एका वर्षाची ग्रॅच्युइटी, नोकरी सोडताना मिळणारी रक्कम. तेव्हाच्या 1972च्या कायद्यात पुढे असं होतं की शेवटचं अर्धवट वर्ष सहा महिन्यांच्या वर गेलं तर पूर्ण धरायचं, आत राहिलं तर सोडून द्यायचं. मी लागले 9 एप्रिल 2012ला. म्हणजे 2 ऑक्टोबरला सुटले तर अकरा वर्षं, 14 ऑक्टोबरला सुटले तर बारा. फरक रोख अठरा हजारांचा. नोटीसचे पैसे नवी कंपनी देईल, ग्रॅच्युइटीचं वर्ष कोण देईल?

आणि त्याच बारा दिवसांवर सासूबाईंचं बोट होतं, पण कॅलेंडरवर. गणपती 19 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी 28ला, मग पितृपंधरवडा, सर्वपित्री अमावास्या 14 ऑक्टोबरला. "तीन तारखेला पक्ष चालू आहे. पक्षात कुणी नवं काही धरतं का? पंधराला घट बसतायत, सोळाला जा की." सासूबाईंचं पंचांग आणि माझा ग्रॅच्युइटीचा कायदा एकाच तारखेवर येऊन थांबले होते, आणि दोघींना एकमेकींचा हिशेब ठाऊक नव्हता.

एचआरवाल्याला फोन करायला मी कंपनीच्या गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीमागे. खिडकीच्या बाहेरच्या बाजूनं तारखेवरून मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऑडिट आहे, असं तो म्हणाला. ऑडिट! माझ्या तोंडावर सगळी वाक्यं तयार होती: हँडओव्हर, नवी मुलगी अजून शिकतेय, नोटीस पूर्ण केलेली बरी दिसते. त्यातलं एकही निघालं नाही. अठरा हजारांचं सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, "घरी पितृपक्षाचं जरा..."

"मॅडम, या महिन्यात हे सांगणाऱ्या तुम्ही चौथ्या." तो हसला. "सोळा तारीख टाकू? सोमवार आहे, घट बसल्यावरचा."

बस. चार मिनिटांचा फोन. दुसऱ्या दिवशी दुरुस्त पत्र आलं: जॉइनिंग 16 ऑक्टोबर 2023. त्याला कुठे ऑडिट नव्हतं? आमच्या सरांच्या ऑडिटसारखंच ते त्याच्याही तोंडावर होतं. त्यानं तारीख खोडली आणि दुसरी लिहिली. मी टाकीला टेकून थोडा वेळ तशीच उभी राहिले. खाली क्वालिटीच्या दारात दोन मुलं चहा पीत होती, दोन्ही नवी.

नाना पत्र वाचताना चष्मा कपाळावर चढवतात आणि कागद नाकाशी धरतात. "चौदाला कार्यमुक्त. मध्यान्हपूर्व की मध्यान्हनंतर?"

"नाना, आमच्यात तसं नसतं. संध्याकाळी पाचला पंच केलं की संपलं."

"म्हणजे मध्यान्हनंतर. आणि सोळाला रुजू, मध्यान्हपूर्व." मग कागद खाली ठेवला. "मग पंधरा तारीख कुणाची?"

"कुणाची म्हणजे?"

"सेवेत खंड पडला ना."

नानांच्या खात्यात बदली झाली की तयारीला आणि प्रवासाला दिवस मिळायचे, पदग्रहण अवधी म्हणायचे त्याला, आणि ते दिवस सरकारचेच धरले जायचे. माणूस एका खुर्चीतून उठला आणि दुसऱ्या खुर्चीत बसायचा होता, तरी मधल्या वाटेवर तो सरकारचाच. मी समजावलं की खासगीत एका दिवसानं काही बिघडत नाही, पीएफचा नंबर तोच राहतो, जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीख पोर्टलवर भरली की पैसे इकडून तिकडे जातात. ती तारीख भरली नाही म्हणून हेलपाटे घालणारी माणसं मी पाहिलीत, माझी मी भरून घेईन. नाना ऐकत होते, पण त्यांचं समाधान झालं नाही. पुढचे दोन महिने, जेवताना मधेच, "ते पंधरा तारखेचं काय केलंस?"

नोटीसचे नव्वद दिवस सारखे नसतात. पहिल्या आठवड्यात सगळे येऊन जातात, कुठे, किती, आमचं पण बघा की तिकडे. मग ऑगस्टमध्ये सरांनी बोलावून 'असिस्टंट मॅनेजर'चं पत्र पुढे सरकवलं. पैसे चाकणएवढे नव्हते, पण घरापासून पंधरा मिनिटं. त्या रात्री मला झोप आली नाही. न्यायमूर्ती आठवले, दोन रेघा आठवल्या. मला मागे घ्यायला कुणी नाही म्हणणार नव्हतं, उलट गळ घालत होते. सकाळी मी सरांना नको म्हटलं. का म्हटलं ते त्यांना नीट सांगता आलं नाही, आणि इथेही येईल असं वाटत नाही. त्या खुर्चीत बसून पुन्हा कुणाला आठवं कलम दाखवायचं, हे डोळ्यांपुढे आलं, एवढं खरं. नव्या कंपनीतही कुठलंतरी कलम असणारच. पण ते मी टाइप केलेलं नसेल.

सप्टेंबरमध्ये माणूस असून नसल्यासारखा होतो. नव्या पंचिंग सॉफ्टवेअरच्या मीटिंगला मला बोलावलं नाही, ते बरोबरच होतं, तरी मी दोन वेळा दारावरून गेले. दिवाळी 12 नोव्हेंबरला होती, डब्यांची ऑर्डर दरवर्षी सप्टेंबरात मीच द्यायची. स्टीलचा डबा, आत पाव किलो काजूकतली. पत्रक काढलं, बेरीज 163 आली. कर्सर त्या आकड्यावर नेला आणि 162 केलं. दिवाळीच्या दिवशी जो मस्टरवर, त्यालाच एक्स-ग्रेशिया, म्हणजे कंपनी खुशीनं देते ती रक्कम, आणि डबा, हा नियमही माझ्याच फाइलीत होता.

माझ्या जागी आलेल्या मुलीला मी एक्सेल शिकवलं, पासवर्ड दिले. पण जे कुठेच लिहिलेलं नव्हतं ते सांगायला जास्त दिवस लागले. प्रेस शॉपमधल्या अमक्याचं आधारवर नाव वेगळं आहे, पीएफचा क्लेम परत येतो, त्याला ओरडू नकोस, त्यानं तीनदा दुरुस्तीला दिलंय. तमका महिन्याच्या वीस तारखेला उचल मागायला येतो, मुलीची फी असते. तिनं सगळं वहीत उतरवलं. मग म्हणाली, "मॅडम, हे कशात सेव्ह करू?"

14 ऑक्टोबर, शनिवार, आमचा कामाचा दिवस. नो-ड्यूजचा, म्हणजे माझ्याकडे कुणाचं काही बाकी नाही असा, कागद घेऊन मी सकाळपासून फिरत होते. हा फॉर्म मीच केलेला, चौदा सह्यांचा, आणि त्यात टूल रूमची सही कशाला घातली होती ते देव जाणे. टूल रूमच्या काकांनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमचं काय घेतलं होतंत?" स्टोअरमध्ये सेफ्टी बूट जमा केले. कॅन्टीनवाला म्हणाला, "तुमची सहा कुपनं उरलीत ताई, चहा पिऊन संपवा." दुपारपर्यंत मी चार संपवली.

निरोपसमारंभ चार वाजता ठेवला होता. आता 14 ऑक्टोबर 2023 म्हटल्यावर क्रिकेटवाल्यांना कळलंच असेल. अहमदाबादला वर्ल्ड कपची भारत-पाकिस्तान मॅच दोनला सुरू झाली होती. ट्रेनिंग रूममध्ये चाळीस माणसं बसली, समोसे, वेफर्स, पेढा, आणि निम्म्यांच्या मांडीवर मोबाइल. सर बोलायला उभे राहिले. "मॅडमनी या कंपनीला साडेअकरा वर्षं दिली. कधी उशीर नाही, कधी..." आणि मागच्या रांगेतून एकदम आरोळी उठली. सिराजनं बाबरचा त्रिफळा उडवला होता. सर क्षणभर थांबले, मग त्यांनीच विचारलं, "किती झाले?" 155ला तीन. तिथून पुढे पाकिस्तान 191वर आटोपलं, आणि माझ्यावरची भाषणंही साधारण त्याच वेगानं. मला पाच लिटरचा प्रेशर कुकर मिळाला. मला आवडलं ते. रडायबिडायची वेळच आली नाही.

पाचला मी मशीनवर बोट ठेवलं. हिरवा दिवा, माझा नंबर, वेळ. एक्झिट फॉर्म आदल्या दिवशीच मुलीच्या ट्रेमध्ये टाकला होता. गेटवरच्या काकांनी नियमाप्रमाणे पिशवी उघडून बघितली, कुकरची पावती मागितली, मग स्वतःच हसले आणि कुकर रिक्षापर्यंत उचलून आणून दिला.

पंधराला सकाळी घट बसले. शेतातली माती गाळून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. सासूबाईंनी परडीत पत्रावळ मांडली, मी मातीचा थर दिला, वर गहू पसरले, पुन्हा माती. हात कोपरापर्यंत भरलेले. नाना पाटावर बसून सगळं बरोबर चाललंय ना ते बघत होते. नवाच्या सुमाराला फोन वाजला, जुन्या कंपनीचा. रविवार होता, पण त्यांचा कामाचा. नवऱ्यानं फोन माझ्या कानाला धरला.

"मॅडम, सॉरी हं, सणाचं. तुम्हाला सकाळपासून मशीन अ‍ॅबसेंट दाखवतंय."

"अगं, माझा नंबर बंद करायचा राहिला. मास्टरमध्ये जा, डेट ऑफ लीव्हिंग टाक."

"आजची टाकू?"

नानांनी मान वर केली होती.

"चौदा," मी म्हटलं.

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. "मॅडम, पुढे जात नाहीये. कारण विचारतंय. आणि तुमच्या फॉर्मवर तो रकाना तुम्ही रिकामाच ठेवलाय."

"यादीत काय काय आहे?"

"दोनच आहेत."

सासूबाईंनी हातावर तांब्यातून पाणी घातलं, थोडं गव्हावर सांडलं.

"चांगली संधी टाकू?"

"टाक," मी म्हटलं.